अध्यक्षांच्या नावावरची फाईल

मोडेमनं घसा खाकरला, मग कुईऽऽ करत एक लांब सूर लावला, आणि दुपारी अडीचची ती मुश्किलीनं जमवलेली शांतता तडकली. मृण्मयीनं हाताशी असलेली उशी उचलली आणि मोडेमवर दाबून धरली. पलंगावर सायलीनं कूस बदलली, नाकावरची माशी झटकली आणि पुन्हा गाढ झोपली. पाच वर्षांची सायली दुपारी पाऊण तास झोपे. मृण्मयीला जगाशी जो काही व्यवहार करायचा, तो या पाऊण तासात. त्यातली आठ मिनिटं मोडेम खाई.

उशीखालच्या उशीखालीच इंटरनेटची जोडणी झाली. पडद्यावर फाईल आली, आणि फाईलच्या कपाळावर तोच निरोप, जो गेल्या बुधवारपासून येत होता. ही फाईल ‘अध्यक्ष’ यांनी बदल करण्यासाठी नेली आहे. ती परत येईपर्यंत आपण फक्त वाचू शकता.

आज गुरुवार. म्हणजे अध्यक्ष फाईल घेऊन आठ दिवस बसले होते. आणि शनिवारी संध्याकाळी सहाच्या बसनं ती इंदूरच्या छापखान्यात जायची होती.

गंमत अशी, की अध्यक्ष भय्यासाहेब मुंगी यांनी जन्मात कधी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. फोनसुद्धा ते उभे राहून घेत.

फाईल होती उज्जैनच्या मराठी समाजाच्या कुटुंब-परिचय पुस्तिकेची. एकशे बारा कुटुंबं, प्रत्येकाची एक ओळ. ‘कॉम्प्युटरवर आठ दिवसांत होईल’ असं मृण्मयी भर सभेत बोलून गेली होती, आणि भय्यासाहेबांनी चष्म्यावरून बघत म्हटलं होतं, “होऊ द्या. मात्र सूनबाई, एकही रकाना रिकामा जाता कामा नये. मागल्या पुस्तिकेत रेगे वकिलांच्या ओळीत वकिलांचंच नाव राहून गेलं होतं. त्यांनी मरेपर्यंत समाजाच्या हॉलची पायरी चढली नाही.” भय्यासाहेब समाजाचे अध्यक्ष तसेच समाजाच्या शाळेचे सचिव. त्यामुळे पुढचं वाक्य आलं ते फार हळू आवाजात, पण मृण्मयीनं ते अगदी स्पष्ट ऐकलं. “पुस्तिका निर्दोष निघाली, तर जुलैपासून शाळेतला कॉम्प्युटरचा वर्ग तुमच्याकडे.”

लग्नाआधी तिनं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. सायली झाल्यापासून तो ट्रंकेत होता. त्या रात्री तिनं तो काढून पुसला आणि सुमीतला, म्हणजे नवऱ्याला, दाखवला. सुमीत म्हणाला, “फोटोत तू किती बारीक आहेस गं.” नवऱ्यांना नेमकं काय दिसतं, याचं कुणीतरी एकदा संशोधन करायला हवं.

पुण्याच्या एका कंपनीत असलेल्या शैलेंद्रनं, तिच्या धाकट्या दिरानं, फाईलची सोय करून दिली होती. फाईल पुण्यात एका मोठ्या मशीनवर राहणार. उज्जैनमधून ज्याला तीत लिहायचं असेल त्यानं ती ‘चेक-आउट’ करायची, म्हणजे स्वतःच्या नावावर न्यायची. लिहून झालं की ‘चेक-इन’, म्हणजे परत जागेवर. एकाकडे असेतो बाकीच्यांनी नुसती बघायची. सभेत हे कुणाच्या डोक्यात शिरेना. तेव्हा मृण्मयीला एकदम सुचलं. “हे बघा, शेजारणीकडून आपण भांडं नेतो की नाही? ते आपल्याकडे असेतो दुसरीला मिळत नाही. आपलं काम झालं की परत द्यायचं. तसंच हे.” सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. हे उदाहरण आपल्याला कसं सुचलं, या विचारानं ती दोन दिवस स्वतःवर खूश होती.

शहराचे तीन भाग केले होते. नानाखेडा स्वतः मृण्मयीकडे, फ्रीगंज माणिकरावांकडे आणि रामघाटाकडचं जुनं शहर दुर्गाकाकू पाग्यांकडे. तिघांना तिनं तीन वेगळी नावं आणि तीन वेगळे पासवर्ड, घडी घातलेल्या चिठ्ठ्यांवर लिहून दिले. भय्यासाहेबांनी त्या चिठ्ठ्या तिथल्या तिथे गोळा केल्या. “समाजाचा पत्रव्यवहार अध्यक्षांच्या नावानं चालतो. पन्नास वर्षांची पद्धत आहे.” मग तिघांना मिळून ‘अध्यक्ष’ हे एकच नाव आणि एकच पासवर्ड उरला. त्यामुळे फाईल कोणीही नेली तरी ती अध्यक्षच नेत, आणि कोणीही परत केली तरी ती अध्यक्षच करत. पहिल्या फेरीत, नावं भरेपर्यंत, हे निभावलं. दुसऱ्या फेरीत भरायचे होते बाहेर असलेल्या मुलांचे पत्ते. घरटी एक तरी पोर पुण्यात, बंगलोरला नाहीतर अमेरिकेत होतं, आणि तो रकाना प्रत्येकाला सगळ्यात आधी वाचायचा होता. दुसऱ्या फेरीच्या पहिल्याच दिवशी फाईल गेली, ती गेलीच.

मृण्मयीनं आधी माणिकरावांना फोन केला. माणिकराव विसराळू म्हणून प्रसिद्ध. एकदा बायकोला महाकालच्या रांगेत विसरून घरी आले होते. “नाही हो वहिनी, मी तर हातपण नाही लावला. माझे पत्ते कागदावर तयार आहेत, फाईल मिळाली की टाकून देतो.” दुर्गाकाकूंकडे फोन नव्हता. त्यांनी दूधवाल्याबरोबर चिठ्ठी पाठवली होती: ‘बावीस घरे झाली. काळजी नसावी.’ दुर्गाकाकूंवर संशय घेण्याचा प्रश्नच नव्हता. तारघरात तीस वर्षं काढलेली बाई. कुणाचा निरोप स्वतःकडे अडवून ठेवणं हे त्यांच्या हातून होणारच नाही.

मग शेजारच्या जयूवहिनी आल्या, वाटी घेऊन दही मागायला. निरोप वाचून म्हणाल्या, “अगं, बंद करून चालू कर ना. आमचा टीव्ही असाच करायचा, दोन थापा मारल्या की एकदम बढिया.” बंद करून चालू केलं. मोडेम पुन्हा ओरडला, सायली उठली. “नाहीतर नवीनच बनवून टाक ना फाईल. त्यात काय एवढं?” जयूवहिनींना एकशे बारा कुटुंबं म्हणजे एकशे बारा पुऱ्या वाटत होत्या.

संध्याकाळी सायलीला घेऊन मृण्मयी समाजाच्या कचेरीत गेली. भय्यासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, टोपी काढून टेबलावर ठेवली.

“म्हणजे फाईल मी लंपास केली, असं तुमचं म्हणणं.”

“तसं नाही भय्यासाहेब. कॉम्प्युटर म्हणतो.”

“कॉम्प्युटरला कोणी सांगितलं?”

“तुमच्या नावानं कोणीतरी—”

“माझ्या नावानं? सूनबाई, चाळीस वर्षं महसूल खात्यात काढली. माझ्या नावावर आजवर एक टाचणी निघाली नाही.” त्यांनी एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. “तुमची तक्रार लेखी द्या. मी लेखी उत्तर देईन.”

तिनं अर्ज लिहिला. त्यांनी त्यावर आवक क्रमांक घातला, शिक्का मारला, आणि शुक्रवारी सकाळी शिपायाबरोबर जावक क्रमांकासह उत्तर आलं: ‘अर्जातील मजकूर निराधार. कचेरीतील चारही कपाटे समक्ष उघडून पाहिली. सदर फाईल आढळली नाही. एक कृत्रिम दाढी व टाळांचे तीन जोड आढळले, ते नोंदवून पुन्हा ठेवले आहेत.’

कोणी इतक्या सचोटीनं आपल्यावर रागावलं, की वाईटही धड वाटून घेता येत नाही.

दुपारी तिनं शैलेंद्रला फोन लावला.

“वहिनी, एकदम सोपं आहे. मी इथून जबरदस्तीनं परत घेतो. एक बटण.”

“घे मग.”

“पण ज्यानं नेली त्यानं जे काही भरलं असेल, ते सगळं जाईल.”

मृण्मयीनं हिशेब केला. कोणाचे तरी घरोघर फिरून गोळा केलेले पत्ते. ते पुन्हा विचारायला आठवडा. आणि फाईल जुन्या शहराकडे असली, तर जाणाऱ्यांत खुद्द भय्यासाहेबांच्या घरचेही पत्ते. त्यांचा वाडा रामघाटाच्याच वाटेवर होता. अध्यक्षांच्याच ओळीत रिकामा रकाना घेऊन निघालेली पुस्तिका तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली, आणि रेगे वकिलांप्रमाणे त्यांनीही वर्ज्य केलेली हॉलची पायरी.

“थांब. कुठल्या मशीनवरून नेली, ते कळतं का?”

पलीकडे बराच वेळ टकटक झाली. “कळतं. मशीनचं नाव आहे ‘टॉवर-तीन’. हे काय असतं हो तिकडे?”

उज्जैनमध्ये पाच वर्षांच्या पोरालाही सांगता आलं असतं. सायलीनं सांगितलंच. “आई, टावर चौक! आइस्क्रीम!”

टॉवर चौकात मिठाईवाल्याच्या वर, अरुंद जिन्यानं चढून गेलं, की विष्णुभाईंचं सायबर कॅफे. सहा कॉम्प्युटर, सहा पडदे, आणि गल्ल्यावर विष्णुभाई, समोर वही. मृण्मयीनं विचारलं, “भैया, पिछले हफ्ते बुधवार को तीन नंबर पर कौन बैठा था?”

“बैठते तो सब हैं मैडम।” त्यांनी वहीची पानं उलटली आणि चेहरा उजळला. “अच्छा, वो माताजी! चप्पल बाहर उतारती हैं, पहले हाथ जोड़ती हैं, फिर दसों उँगली से धड़धड़ धड़धड़। मेरे यहाँ के लड़के खेल छोड़कर देखने लगते हैं।”

मृण्मयी वहीवर वाकली. “दुर्गा पागे?”

“यही नाम है। उस दिन सब टाइप कर लिया। फिर बीस मिनट स्क्रीन को देखती बैठी रहीं। मैंने कहा, माताजी, कुछ अटक गया? बोलीं, बेटा, फ्लॉपी पर दे दे, घर जाकर सोचूँगी।”

रकान्यांची फाईल घरी नेऊन विचार करणारी व्यक्ती मृण्मयीनं पहिल्यांदाच ऐकली. डिप्लोम्यात असा धडा नव्हता.

दुर्गाकाकूंची खोली घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. मृण्मयी सायलीला घेऊन तशीच तिथं गेली. दार उघडंच होतं. काकू निवडायला घेतलेलं ताट बाजूला सारून म्हणाल्या, “ये. बस. चहा?” तीस वर्षं लोकांचे शब्द मोजल्यामुळे त्या बोलतानाही वायफळ शब्द खर्च करत नसत.

“काकू, फाईल...”

“आहे.” त्यांनी फळीवरून दाण्यांचा डबा काढला, दाणे सारले आणि आत प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावलेली फ्लॉपी. “कोरडी राहते.”

“अहो, पण परत का नाही केली? सगळा समाज थांबलाय. भय्यासाहेबांनी कपाटं उघडवली!”

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मोठ्या माणसानं लहानाकडे पाहावं तसं. “तूच सांगितलंस ना सभेत? शेजारणीच्या भांड्यासारखं.”

“हो, म्हणून तर—”

“मग रिकामं परत देऊ? तू देतेस? तुझ्या सासूबाई इथं शेजारी होत्या, तेव्हा कधी माझी वाटी रिकामी नाही पाठवली. काही नसलं तर चिमूटभर साखर.”

“पण काकू, तुम्ही तर बावीस घरं भरलीत! रिकामं कुठंय?”

“तेविसावं माझं.” काकूंनी पदर सारखा केला. “परत करायला गेले, तर ते मशीन विचारतं, काय काय भरून आणलंत ते लिहा. आणि वर माझी ओळ लाल. अपूर्ण म्हणून.”

ती लाल ओळ मृण्मयीची करामत होती. मुलाचं नाव लिहिलं आणि पत्ता राहिला, तर आख्खी ओळ लाल व्हावी आणि टोकाला ‘अपूर्ण’ असं यावं, हे सूत्र तिनं दोन दुपारी खपून बसवलं होतं. भय्यासाहेबांना दाखवलं तेव्हा ते ‘शाबास’ म्हणाले होते.

काकूंचा मुलगा ओंकार अमेरिकेत होता, एवढं सगळ्या गल्लीला माहीत होतं. बाकीचं काकूंनी चार वाक्यांत सांगितलं. तीन वर्षांत पत्र नाही. दिवाळीला फोन यायचा शेजारी, तोही दोन दिवाळ्या नाही. काकूंनी पाठवलेली पत्रं परत आली, पत्त्यावर कोणी राहत नाही म्हणून. त्याच्या इंदूरच्या मित्राला विचारलंय, उत्तर येईल. “आलं की भरते. मग करते परत. रोज पोस्टमन बघते.”

तेवढ्यात खोलीच्या कोपऱ्यातून टक्, टक्, टक् असा आवाज आला. सायली फ्लॉपीचा चकाकता पत्रा सरकवून सोडत होती. तो आपोआप परत बसतो याची तिला भारी मजा वाटत होती. मृण्मयी झेपावली. बावीस घरांचे पत्ते तिनं मुलीच्या मुठीतून एकेक बोट उलगडून सोडवले, आणि फ्लॉपी पदराखाली धरली.

“काकू,” तिनं भीत भीत विचारलं, “ओंकारचं नाव काढलं तर ओळ लाल राहणार नाही. नुसतं तुमचं ठेवू का?”

“नाव काढू?”

काकू रागावल्या नाहीत. त्यांनी नुसतंच विचारलं, आणि मृण्मयीनं आयुष्यात पुन्हा कधी तो मार्ग कुणाला सुचवला नाही.

“बरं मग,” ती म्हणाली, “चिमूटभर साखर तरी घालू. तुम्हाला काय घालावंसं वाटतं?”

काकूंनी खिडकीतून खाली गल्लीत डोकावून पाहिलं. “उद्या सकाळी सांगते. दहा वाजता, टॉवरवर.”

रात्री सुमीतनं सगळं ऐकलं आणि म्हणाला, “भय्यासाहेब तो रकाना पास करणार नाहीत. तुझी शाळा गेली बघ.” मग थोड्या वेळानं, “त्यापेक्षा जुना पत्ता टाकून दे ना. कोण बघायला जातंय अमेरिकेत?” हेही तिच्या मनात येऊन गेलं होतं, तव्यावर पोळी उलटताना. पण काकूंची पत्रं ज्या पत्त्यावरून परत आली तोच पत्ता काकूंच्या नावापुढे छापायचा, हे काही तिला जमण्यासारखं नव्हतं.

शनिवारी दहाला काकू कॅफेच्या जिन्यावर चप्पल काढून उभ्या होत्या. तीन नंबरवर एक पोरगा मोटारीची शर्यत खेळत होता. विष्णुभाईंनी त्याला उठवलं. काकूंनी हात जोडले. फ्लॉपी आत गेली, खर्र खर्र वाजली, मृण्मयी पडद्याकडे झुकली. बावीसही घरं शाबूत होती. तेविसावी ओळ लाल.

काकूंनी पत्त्याच्या रकान्यावर जाऊन दोन शब्द टाइप केले. परदेशी, सुखरूप. पुढे पूर्णविराम दिला.

“तारेत एवढंच लिहितात,” त्या म्हणाल्या. “तेवढ्यावर माणसं झोपतात रात्री.”

ओळ लालच राहिली. मृण्मयीचं सूत्र हुशार होतं; त्याला पत्त्यात पिनकोड हवा होता, निदान एखादा आकडा तरी. तिनं खुर्ची ओढून घेतली, आपली दोन दुपारींची करामत उघडली आणि ती पुसून टाकली. पडद्यावरच्या सगळ्याच ओळी एकसारख्या पांढऱ्या झाल्या. मग ‘परत करा’ म्हटलं. मशीननं विचारलं, काय बदल केलेत?

“सांग त्याला,” काकू म्हणाल्या. “तेवीस घरं.”

पुण्याला फाईल पोचली. लगेच पुढचा निरोप आला, की आता ती कोणालाही नेता येईल, आणि ती पुन्हा अध्यक्षांनीच नेली, म्हणजे मृण्मयीनं, नानाखेड्याचे पत्ते भरायला. माणिकराव कागद घेऊन आले, आणि तो कागद फ्रीगंजच्या पत्त्यांचा नसून वाण्याच्या यादीचा निघाला, म्हणून घरी जाऊन पुन्हा आले. चार वाजता छापखान्यात द्यायची प्रत प्रिंटरमधून निघाली.

भय्यासाहेबांनी कचेरीत एकेक ओळ बोट ठेवून वाचली. ‘सूनबाई’ न म्हणता ‘बाई’ म्हणाले, त्यावरून तक्रारअर्ज अजून मनात होता हे कळलं. स्वतःच्या ओळीवर थांबले, मान हलवली, पुढे गेले. मग बोट जुन्या शहराच्या तेविसाव्या ओळीवर आलं आणि तिथेच राहिलं.

“हा पत्ता?”

“रकाना रिकामा नाही, भय्यासाहेब,” मृण्मयी म्हणाली. “तेवढंच माहीत आहे.”

भय्यासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ओंकारला त्यांनीच समाजाच्या शाळेत घातलं होतं, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ते त्यांनी आत्ताही सांगितलं नाही. टेबलावरच्या शिक्क्याकडे बघत म्हणाले, “पाग्यांचा मुलगा. पाढे फार छान म्हणायचा.” मग टोपी नीट केली आणि शेवटच्या पानावर सही ठोकली, तारखेसकट. “तुमचा तो अर्ज मी दप्तरदाखल केला आहे. काढता येणार नाही, क्रमांक पडला. मात्र शाळा एक जुलैला उघडते. सात वाजता. सातला म्हणजे पावणेसातला, सूनबाई.”

नानाखेड्याच्या स्टँडवर सहाची बस फुरफुरत उभी होती. ड्रायव्हरनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. “खाने का है क्या?” “नहीं भैया, छापने का।” त्यानं ते समोरच्या काचेशी, उदबत्तीच्या पुड्याशेजारी खोचलं, आणि इंदूरला छापखान्याचा माणूस उतरून घेईल याची दोनदा खात्री दिली. बस हलली, धूर सोडून वळली आणि गेली.

मृण्मयीला एकदम हलकं वाटलं. पाय दुखत होते, सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नव्हतं, आणि घरी कणीक मळायची होती. तरी हलकं वाटत होतं. तिनं सायलीला गोळ्या घेऊन दिल्या. दोघी हातात हात घालून घराकडे निघाल्या. सायली काहीतरी विचार करत होती. गोळी एका गालातून दुसऱ्या गालात जात होती.

“आई, ओंकारमामाचा पत्ता काकूंना माहीत नाही ना?”

“नाही गं.”

“पण काकूंचा पत्ता तर त्याला माहीत आहे. तो तर बदलला नाही.” सायली थांबली आणि वर तिच्या तोंडाकडे बघत राहिली. “मग तो का नाही लिहीत?”